जिथली माती कधी आली नाही

आमच्या दुकानात त्याला प्रवासी म्हणत. जो माणूस शहराबाहेर कधी फारसा गेला नाही, त्याला हे नाव मी ठेवलं आणि ते चिकटलं. त्याला त्याचा राग नव्हता. कुणी हाक मारली की "आलो, सामान बांधतो" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

दुकान म्हणजे एका प्रवास कंपनीची दुरुस्तीची खोली. कंपनी लोकांना रानातले प्राणी दाखवायला न्यायची. गवताळ मैदानं, बर्फ, दलदल, दाट जंगल. जिथे जनावर जास्त आणि माणूस कमी, तिथे. लोक परत आले की त्यांचे तंबू, पिशव्या आणि बूट आमच्याकडे यायचे. पुढच्या खोलीत मालकीणबाईंचं टेबल होतं. मागच्या खोलीत आम्ही दोघं. एक मोठी खिडकी, तिच्याखाली लांब बाक. बाकाच्या एका टोकाला माझं शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला त्याचा लोखंडी पाय, ज्यावर बूट उलटा अडकवून ठोकायचा. बुटाचं वरचं काम माझं, खालचं त्याचं. चामडं, कापड, शिवण मी बघायचो. सोल आणि टाच तो. दोघांची उमेदीची सगळी वर्षं त्या बाकावर गेली.

सोल काढणं हे जोराचं काम नाही. ओढला तर तो वरच्या चामड्याचा लचका घेऊन निघतो आणि मग माझं काम वाढतं. आधी ऊब द्यायची, चिकटवलेलं सैल होऊ द्यायचं, मग रुंद पात्याची रापी आडवी धरून कडेकडेने जायचं. हात सावकाश चालला पाहिजे, पण थबकता कामा नये. प्रवासी हे काम असं करायचा की माझ्याकडे आलेल्या बुटाला मला कधी ठिगळ लावावं लागलं नाही. एवढं मी दुसऱ्या कुणाबद्दलही म्हणत नाही.

पण त्याआधी तो आणखी एक काम करायचा, जे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बुटाखाली कागद पसरायचा आणि बोथट आरीने, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याने, सोलच्या खाचांतली माती उकरून काढायचा. एकेक खाच. कुठे चिखल वाळून दगड झालेला, कुठे गवताची काडी, कुठे केस, शेण, पिसाचा तुकडा. मग ती माती बोटात चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि हा बूट कुठून आला असेल ते मला सांगायचा. बरेचदा चुकायचा. एकदा काळ्या मातीला बघून त्याने ज्वालामुखीच काढला. गिऱ्हाईक बूट न्यायला आलं तेव्हा कळलं, बूट आमच्याकडे देण्याच्या आदल्या दिवशी तेच घालून त्याने घरची फुलझाडं कुंडीतून कुंडीत हलवली होती. मी पुढे कितीतरी दिवस प्रवाशाला विचारत होतो, काय रे, कुंडीतला ज्वालामुखी थंड झाला का?

गिऱ्हाइकांना तो प्रश्न विचारायचा. लोकांना सांगायचं असायचं वेगळंच. सिंहीण किती जवळ आली, देवमाशाचं शेपूट कसं वर आलं. तो ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा की तिथे पाय रुतत होता का? रुतला तर वर काढताना आवाज यायचा का? खाली ओल होती की कोरडं? लोक गोंधळायचे. एवढ्या लांब जाऊन पायाखाली काय होतं ते कुणी बघितलेलं नसायचं. एक जण हसत म्हणाला, आम्ही प्राणी बघायला गेलो होतो, बाबा. प्रवासी म्हणाला की प्राणीसुद्धा कशावर तरी उभा असेलच की.

उकरलेली माती तो घरी न्यायचा. घर म्हणजे ओढ्याकडे जाणाऱ्या उतारावरच्या ओळीतलं शेवटचं. दोन खोल्या आणि मागे अंगण. त्या अंगणात भिंतीला लागून पत्र्याचे डबे मांडलेले असायचे. रंगाचे, तेलाचे, जे मिळेल ते. प्रत्येक डब्यात खाली साधी वाळू, वर त्या त्या ठिकाणची मूठभर माती, आणि रोज थोडं पाणी. पुष्कळ डब्यांत काहीच यायचं नाही. काहींत यायचं. गवताचं पातं, शेवाळ, एखादं दोन पानांचं रोप ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्याची बायको, माझी वहिनी, कपडे वाळत घालताना डब्यांच्या मधून उड्या मारत जायची आणि म्हणायची, "सगळं जग उगवतं आमच्या अंगणात, भावजी. कोथिंबीर तेवढी उगवत नाही."

त्याला जायचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी काढत नव्हतं. तरुण होता तेव्हा वडील अंथरुणाला खिळले. मग लेकीचं शिक्षण. मग वहिनीच्या कमरेचं ऑपरेशन, आणि त्यानंतर तिला वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यांचे बूट यायचे.

आमच्या मालकीणबाईंची एक पद्धत होती. कारागीर कामावरून निवृत्त होणार त्या वर्षी त्याला कंपनीच्या एका सहलीत जागा द्यायची. तंबू शिवणारा आमचा म्हातारा हत्ती बघून आला होता आणि मरेपर्यंत तेवढंच बोलत होता. प्रवाशाचं वर्ष जवळ आलं तेव्हा मला वाटलं, हा गोंधळून जाईल. एवढ्या डब्यांतून एक निवडायचा. पण त्याने एका क्षणात सांगितलं.

त्याने एक बेट निवडलं. लांब दक्षिणेला, थंड समुद्रात, झाड नसलेलं. तिथे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून राहतात. वर्षातले थोडे आठवडे थोड्याच लोकांना तिथे सोडतात. मी विचारलं, पक्ष्यांचं वेड तुला कधीपासून? तो म्हणाला, पक्ष्यांचं नाही.

मग त्याने सांगितलं. त्या बेटावरून आलेल्या बुटांत कधी काही नसायचं. खाचा कोऱ्या. तिथे जाताना आणि निघताना बूट ब्रशने घासून, औषधाच्या पाण्यात बुडवून, तपासून सोडतात. आत एक बी जाऊ देत नाहीत, बाहेर एक कण येऊ देत नाहीत. सगळ्या जगाची माती त्याच्या बाकावर येऊन गेली होती, ही एकच आली नव्हती.

"तो एक डबा रिकामा आहे," तो म्हणाला. "म्हणून."

त्या सहलीसाठी त्याने स्वतःचा बूट स्वतः बनवायला घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे उलटे करून बघितले, त्याला ठाऊक होतं घाण कुठे लपते. खोल खाच घसरू देत नाही, पण बी धरून ठेवते. त्याने खाचा उथळ ठेवल्या, कडा तिरक्या केल्या, म्हणजे ब्रशचा एक हात फिरला की सगळं बाहेर. वरचं माझ्याकडे दिलं. मी शिवण आतून घेतली, बुटाच्या जिभेच्या दोन्ही बाजू बंद केल्या, कुठे दोरा उघडा ठेवला नाही. मी पुष्कळ बूट शिवले. एवढा नीट एकच.

बूट तयार होऊन पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर बसला होता तेव्हा झाडांच्या बाई दुकानात आल्या. त्या कंपनीच्या सहली न्यायच्या, आणि त्यांचं शिक्षण झाडांचं होतं. त्यांच्या हातात बंद पिशवी होती. आत पिवळ्या फुलांची एक काडी आणि काटेरी, आकड्यांची बोंडं. त्यांनी विचारलं की असं काही बुटांत अडकून कधी आलं होतं का?

प्रवाशाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, माझ्याकडे जिवंत आहे, चला, दाखवतो. ॲप्रन काढायलाही थांबला नाही. मीही गेलो, कारण त्याने मला ओढून नेलं. एवढ्या वर्षांत त्याच्या डब्यांत खरोखर कळणारं माणूस पहिल्यांदाच बघायला येत होतं.

अंगणात तो त्यांना डब्यामागून डबा दाखवत गेला. हे मैदानावरचं, हे नदीकाठचं, हे कुठलं ते माहीत नाही पण थंडीत टिकतं. वहिनीने चहा आणला. बाई कप हातात धरून ऐकत होत्या. पिवळ्या फुलांच्या डब्याशी आल्यावर त्या खाली बसल्या. ते रोप चांगलं गुडघ्याएवढं झालं होतं.

"काका, डब्यातलं रोप मेलं की त्या मातीचं काय करता?"

"माती काय कचऱ्यात टाकायची असते?" प्रवासी म्हणाला. "पुलावरून खाली ओढ्याच्या काठावर सोडतो. तिला जरा बरं वाटेल अशा जागी."

बाईंनी कप खाली ठेवला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी आम्हाला ओढ्यावर नेलं, पुलापासून खाली, वळणापलीकडे, जिथे उतार निसरडा आहे म्हणून प्रवासी बरीच वर्षं गेला नव्हता. त्याचे गुडघे उतरायला तयार नसायचे. त्या दिवशी उतरला. वळणापलीकडे दोन्ही काठ पिवळे होते. इतके की मला क्षणभर छान वाटलं. मग मी खाली बघितलं. त्या झाडांखाली दुसरं काही नव्हतं. आमच्या लहानपणी तिथे कमरेएवढं लव्हाळं असायचं. त्यात बेडूक असायचे, चतुर असायचे, एक लहान निळा पक्षी काडीवर बसून पाण्यात सूर मारायचा. लव्हाळं गेलं होतं. त्याच्यावर जे जे अवलंबून होतं ते निघून गेलं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. हे झाड त्याच्या गावी वाईट नाही. तिथे ते कोवळं असताना चरणारी जनावरं त्याचे शेंडे खातात. एक किडा त्याचं बी पोखरतो. बोंडं हरणांच्या केसांत अडकून लांब जातात, पण जिथे जातात तिथेही खाणारं कुणीतरी असतंच. सगळ्यांची एकमेकांत अशी ओढाताण चालते म्हणून ते आपल्या जागेत राहतं. इथे त्याला ओढणारं कुणी नाही.

प्रवासी पाण्याच्या कडेला उभा राहून ऐकत होता. मग त्याने विचारलं, आता?

आता औषध फवारायचं, असं वरच्या अधिकाऱ्यांचं चाललं होतं. औषधाने हे मरेल, आणि पाण्यातलं जे उरलंय तेही. दुसरा उपाय हाताने. बोंड पिकून गळायच्या आत, मुळासकट, एकेक. पिकायला सुरुवात झाली की पाच-सहा आठवडे, त्यात काम संपलं पाहिजे. आणि एकदा नाही, कारण बी जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं.

"हाताने," प्रवासी म्हणाला.

मला तेव्हाच कळलं. बोंडं पिकायचे आठवडे आणि बेटावर सोडायचे आठवडे एकच होते.

त्या आठवड्यात त्याच्या घरी बरंच बोलणं झालं. मालकीणबाईंनी सांगितलं की सहल पुढे ढकलता येत नाही, बेटाची परवानगी पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि हा तर यंदाच निवृत्त होणार. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही चला, मी इथे माणसं लावून देते. वहिनीने तर कंबरच कसली. त्याच कमरेवर डॉक्टरांनी सुरी चालवली होती.

"अहो, जन्मभर दुसऱ्यांचे जोडे उलटे करून बघितलेत," ती म्हणाली. "आता स्वतःचे घालून जा. उपटायला मी आहे."

"तू वाकणार?"

"बसून उपटीन."

"आणि उठवणार कोण?"

"आल्यावर तुम्ही उठवा."

तो हसला, पण ऐकलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, वेडा आहेस का, चूक झाली ती झाली, कळून थोडीच केलीस? त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी शिवण तिरकी घातली आहे.

"शिवण्या, त्या बेटावर एक बी जाऊ देत नाहीत," तो म्हणाला. "मी हे इथे असं सोडून तिथे उभा राहू? खाली बघू कसा?"



डबे त्याने स्वतः मोकळे केले. रोपं वाळवून जाळली. माती बाईंनी सांगितल्याप्रमाणे भाजली, म्हणजे बी मरावं. अंगणात विस्तव करून जुन्या पत्र्यावर एकेक डबा ओतायचा आणि ढवळत राहायचा. मी मदतीला गेलो, त्याने हात लावू दिला नाही. लाल माती, काळी माती, राखाडी, पिवळी, सगळ्यांना वेगवेगळा वास येत होता. शेवटी सगळी एका ढिगात गेली. वहिनीने त्या दिवशी अंगणभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले आणि संध्याकाळी मला म्हणाली, भावजी, आता उडी मारावी लागत नाही. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

जागा त्याने मला दिली. मालकीणबाईंशी परस्पर बोलून आला. मी पुढल्या वर्षी निवृत्त होणार होतो, तेव्हा माझी जागा मला यंदाच. मला नको होती. मला बोट लागते. घराबाहेर झोप लागत नाही. पक्षी बघायचा तर खिडकीतून दिसतो तेवढा पुरे. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझा पाय माझ्यापेक्षा एका नंबराने लहान आहे, आत एक पातळ तळवा घालून देतो.

निघताना त्याने एकच काम सांगितलं. "वर सगळे बघतील. तू खाली बघ."

बोटीवर मी आडवा होतो. त्याचं वर्णन कुणाला नको. बेटाच्या धक्क्यावर आम्हाला ओळीने उभं करून बूट तपासले. एक माणूस आकड्याने प्रत्येकाच्या खाचा बघत होता. माझ्या बुटापाशी तो थांबला, सोलवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हा कुठे मिळतो? मी म्हटलं, मिळत नाही.

आणि मग मला समजलं की त्या बेटावर जमिनीवर पाय ठेवायचाच नसतो.

सगळीकडे यंदाच बांधलेली फळ्यांची वाट होती. जमिनीपासून वर, खांबांवर. कारण खाली जमीन पोकळ आहे. बिळाशेजारी बीळ, आत अंडी, पिल्लं. माणसाचं वजन पडलं की छत कोसळतं. त्या आठवड्यात मी एवढा चाललो, पण त्याच्या बुटाने बेटाला स्पर्श केला नाही. मला पहिल्या दिवशी रडूच आलं असतं, पण तिथे लोक होते.

आमच्याबरोबर त्याच झाडांच्या बाई होत्या. त्यांनी फळ्यांवर उभं राहून सांगितलं की पक्षी समुद्रातला मासा पोटातून आणतात, त्यांची विष्ठा जमिनीत जाते, त्यावर गवत वाढतं, आणि गवताच्या मुळांनी बिळांचं छत धरून ठेवलेलं असतं. समुद्र गवतात येतो आणि गवत पक्ष्यांना घर देतं. यातलं एक काढलं की बाकीचं खाली बसतं. खूप पूर्वी एका जहाजातून उंदीर उतरले होते. त्यांनी पिल्लं खाल्ली. पक्षी कमी झाले तसं गवत पिवळं पडलं. उंदीर संपवायला माणसांची एक पिढी गेली, आणि अजून गवत पुरतं परतलेलं नाही. मी ओढ्याचा विचार करत होतो. बाई माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा त्याही करत असाव्यात.

संध्याकाळी पक्षी समुद्रावरून परत यायचे. आकाश भरून जायचं. सगळे वर बघायचे. मला कबूल आहे, मीही वर बघितलं. एवढं बघितल्यावर माणूस खाली कसा बघेल? पण मग आठवण यायची आणि मी मान खाली घालायचो. फळ्यांच्या फटीतून गवत दिसायचं, गवतात बिळाची काळी तोंडं. वरून एकेक पक्षी धपकन पडायचा, ओबडधोबड, चालता न येणारा, आणि फरपटत आपल्या बिळात शिरायचा. आकाशात एवढे देखणे असतात ते. जमिनीवर आमच्यासारखे, गुडघे गेलेले.

शेवटच्या दिवशी मी बाईंना विचारलं, कुठेच पाय टेकवता येत नाही का? त्यांनी कारण विचारलं नाही. फळ्यांची वाट जिथे संपत होती तिथे मला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, पाय नाही, काका, हात ठेवा. मी पालथा झोपलो आणि हात खाली सोडला. गवताच्या झुबक्यांमधे तळहात टेकवला. माती मऊ होती. ओलसर, पण चिकट नाही. थोडी दाबली तर दबली आणि हात उचलल्यावर हळूहळू पुन्हा वर आली. मी हात तसाच ठेवून पडून राहिलो. मग तळहाताला खालून काहीतरी जाणवलं. बारीक थरथर. शिवणयंत्राच्या बाकावर हात ठेवला आणि यंत्र चालू असलं की जशी येते तशी. खाली बिळात एक पक्षी आवाज करत होता. वर ऐकू येत नव्हता. हाताला येत होता.

निघताना पुन्हा सगळं घासलं, बुडवलं, तपासलं. हातही धुवायला लावले.

परत आलो तेव्हा सरळ त्याच्या घरी गेलो. घरात नव्हता. ओढ्यावर होता. वळणापलीकडे काठावर जुनी पोती अंथरून त्यावर गुडघे टेकून बसला होता. त्याच्यामागे बराच काठ उघडा झाला होता, मातीला खड्डेच खड्डे. बाजूला उपटलेल्या रोपांची पोती भरून बांधलेली. बोटांना काट्यांनी फोड आले होते. काही माणसं येऊन गेली होती, थोडा वेळ कामाला लागून फोटो काढून गेली होती. उरलेलं तो करत होता. तो मुळासकट काढायचा. मान धरून ओढायचा नाही. आधी आरीने भोवतालची माती सैल करायचा, मग रोप हलकेच हलवायचा, आणि मूळ सगळं बाहेर येईपर्यंत घाई करायचा नाही. सोल काढतात तसं.

मला बघून तो म्हणाला, "बूट दे."

मी पायातले काढून दिले. अनवाणी उभा राहिलो. त्याने ते उलटे केले, प्रकाशात धरले, खिशातली आरी काढून एकेक खाच तपासली. सगळ्या. मग टाचेचा सांधा. मग मी घातलेली शिवण.

"काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही."

"बरोबर आहे." त्याने बूट बाजूला नीट जोडून ठेवले. थोड्या वेळाने विचारलं, "पाय रुतत होता का?"

आता मला सांगावं लागलं. पाय ठेवलाच नाही, फळ्या होत्या. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसेल, ती दिसली. मी घाईने हाताचं सांगितलं. मला सांगता येत नाही. मी शिवणारा माणूस आहे. दबलं आणि वर आलं एवढंच सांगितलं, आणि ती थरथर.

त्याने माझा उजवा हात धरला आणि उलटा केला. तळहाताकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, सुईचे जुने व्रण होते. धुतला होता, मी म्हटलं. माहीत आहे, तो म्हणाला. तरी त्याने हात लगेच सोडला नाही.

याला बरीच वर्षं झाली. आम्ही दोघंही आता कामावर नाही, दुकानही दुसऱ्या जागी गेलं. तो कुठे गेला नाही. जायचं म्हणून बोलला नाही, पण आकाशात उंचावरून पक्ष्यांची रांग गेली की बोलणं थांबवतो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पुढचा शब्द येत नाही. बूट त्याच्या दाराशी असतात. माझ्या पायाला झालेले, म्हणून त्याला घट्ट होतात. आतला पातळ तळवा तो काढत नाही. वहिनी म्हणते, काढा की हो, सैल होतील. तो म्हणतो, राहू दे.

दर वर्षी ते आठवडे आले की आम्ही ओढ्यावर जातो. रोपं कमी झाली आहेत, पण येतात. जमिनीत झोपलेलं बी अजून आहे. वळणाच्या वर थोडं लव्हाळं परत आलंय आणि यंदा तिथे बेडूक ओरडत होते. निळा पक्षी आलेला नाही. त्याची आम्ही दोघंही वाट बघतो आणि एकमेकांना सांगत नाही. उतारावरून आता वहिनी आम्हाला हाताला धरून उतरवते, तिच्या त्या कमरेसकट, आणि काठावर बसून, कोण मागे राहतोय ते ओरडून सांगते. एकदा तिने बाईंना सांगितलं की माझ्याकडे दोन जनावरं आहेत, दिवसभर चरतात, दूध मात्र देत नाहीत.

परवा आम्ही शेजारी शेजारी पोत्यावर गुडघे टेकून बसलो होतो. मग तो म्हणाला, "परत सांग."

"काय?"

"हात खाली सोडलास तिथून."

मी सांगितलं. दर वर्षी सांगतो. फळ्यांची वाट संपली, मी पालथा झोपलो, गवताचे झुबके होते, माती मऊ होती. सांगता सांगता बघितलं तर त्याने आपला उजवा हात काठावर ठेवला होता, आम्ही उपटून मोकळ्या केलेल्या जागेत, बोटं पसरून. त्याने थोडं दाबलं. मग हात जरा उचलून वाट बघितली.

"तिथे लगेच वर यायची?" त्याने विचारलं.

"लगेच नाही. हळू."

तो वाट बघत राहिला. मग त्याने हात झटकला नाही, तसाच मातीने भरलेला पुढे नेला आणि पुढच्या रोपाभोवतीची माती आरीने सैल करायला लागला.